भिंत उघडल्यानंतरचा रविवार

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात बर्लिनची भिंत एका ओळीत उभी राहते आणि दुसऱ्या ओळीत पडते. १३ ऑगस्ट १९६१ आणि ९ नोव्हेंबर १९८९ या दोन तारखा विद्यार्थी पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि निकाल लागण्यापूर्वीच विसरतात. त्यात त्यांचा दोष नाही. तारीख म्हणजे इतिहासाची खुंटी. तिच्यावर काही टांगलेले नसेल तर ती लक्षात राहावी कशी?

मला मात्र या दोन तारखांपेक्षा एका तिसऱ्या तारखेचे कुतूहल अधिक वाटत आले आहे. ती तारीख आहे १२ नोव्हेंबर १९८९. भिंत उघडली ती गुरुवारी रात्री आणि हा त्यानंतरचा रविवार. त्या सकाळी पश्चिम बर्लिनमधील फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने भिंतीपलीकडून येणाऱ्या लोकांसाठी एक मैफल केली. तिकीट नव्हते. पूर्व जर्मनीचे ओळखपत्र दाखवायचे आणि आत जाऊन बसायचे. वाद्यवृंदाचा त्या दिवशीचा संचालक पाहुणा होता, पियानो वाजवणाराही पाहुणाच होता, आणि हे दोन्ही पाहुणे म्हणजे एकच माणूस होता. त्याचे नाव डॅनिएल बारेनबॉइम.

हा प्रसंग वर्गात सांगितला की कोणी ना कोणी विद्यार्थी विचारतोच, "सर, अठ्ठावीस वर्षांनी दार उघडल्यावर माणसं आधी नातेवाइकांकडे जातील, बाजारात जातील. वाजवणं ऐकायला कशाला जातील?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर वाद्यवृंद, सभागृह आणि माणूस या तिघांचा पूर्वेतिहास उलगडावा लागतो. हा लेख म्हणजे तेवढाच खटाटोप आहे.

आधी वाद्यवृंद. त्याचा जन्मच मुळी बंडातून झाला. १८८२ साली बर्लिनमध्ये बेंजामिन बिल्झे नावाच्या संचालकाचा एक लोकप्रिय ताफा होता. वार्सा येथील कार्यक्रमांसाठी वादकांना रेल्वेच्या चौथ्या वर्गाने नेण्याचा त्याचा बेत वादकांना अपमानास्पद वाटला, आणि चौपन्न जण बाहेर पडून त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. आपला कारभार आपण पाहायचा आणि आपला मुख्य संचालकही आपणच मत देऊन निवडायचा, ही त्यांची परंपरा त्या बंडातून आलेली.

पण स्वातंत्र्यातून जन्मलेली संस्था पुढेही स्वतंत्रच राहते असे नाही. हिटलर सत्तेवर आल्यानंतर हा वाद्यवृंद डबघाईला आला होता, तो गोबेल्सच्या प्रचार खात्याने ताब्यात घेतला आणि त्याचा खर्च सरकार चालवू लागले. ज्यू वादकांना तो सोडून जावे लागले. मुख्य व्हायोलिनवादक शिमॉन गोल्डबर्ग हे त्यांतलेच एक. एप्रिल १९४२ मध्ये हिटलरच्या वाढदिवसानिमित्त याच वाद्यवृंदाने फुर्टव्हेंग्लर यांच्या संचालनाखाली बेथोव्हेनची नववी सिंफनी वाजवली. सर्व माणसे भाऊ होतील असे गाणारी ती रचना, आणि समोर कोण, तर माणसांची वर्गवारी करून त्यांना मारणारे! संगीत माणसाला आपोआप सुधारते असे ज्यांना वाटते त्यांनी ही मैफल कधी विसरू नये.

३० जानेवारी १९४४ रोजी बॉम्बवर्षावात वाद्यवृंदाचे जुने सभागृह जळून गेले. मे १९४५ मध्ये जर्मनी शरण आली आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेला, उद्ध्वस्त शहरातल्या एका चित्रपटगृहात, लिओ बोर्खार्ट यांनी उरलेल्या वादकांना गोळा करून पहिली मैफल केली. आरंभाला मेंडेल्सझोनची रचना होती. जन्माने ज्यू म्हणून नाझींनी ज्याचे संगीत बंद केले होते त्याच्यापासून प्रारंभ, यातला अर्थ श्रोत्यांना सांगावा लागला नसेल. हे बोर्खार्ट नाझींच्या विरोधात गुप्तपणे काम करणाऱ्या एका गटात होते. युद्धातून ते वाचले. मात्र तीनच महिन्यांनी, २३ ऑगस्टच्या रात्री, एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या मोटारीतून घरी परतत असताना मोटार अमेरिकन चौकीवर थांबली नाही आणि पहारेकऱ्याच्या गोळीने त्यांचा प्राण घेतला. बर्लिनचे तेव्हा चार विजेत्यांत चार भाग झाले होते, आणि ही चौकी दोन मित्रराष्ट्रांच्या भागांमधली होती. भिंत उभी राहण्याच्या सोळा वर्षे आधी या वाद्यवृंदाने आपला संचालक एका सीमेवर गमावला होता.

आता सभागृहाकडे वळू. नवे सभागृह बांधायचे ठरले तेव्हा वास्तुशिल्पी हान्स शारून यांचा आराखडा निवडला गेला. वाद्यवृंद साधारण मध्यभागी आणि श्रोते त्याच्या चहूबाजूंनी, डोंगरउतारावरच्या मळ्यांसारखे पायऱ्यापायऱ्यांनी बसलेले, अशी त्याची रचना. आपल्याकडे तमाशाचा फड किंवा भजनाची बैठक पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही, पण युरोपातील मोठ्या सभागृहांना हे नवीन होते. साधारण चोवीसशे माणसे तेथे बसू शकतात. जागा निवडली ती पोट्सडामर प्लाट्झ या जुन्या गजबजलेल्या चौकाजवळ, पूर्व आणि पश्चिम भागांच्या हद्दीपाशी. शहर पुन्हा एक झाले की हाच त्याचा मध्य होईल, हा त्यामागचा हिशेब. १९६० मध्ये पायाचा दगड बसला. पुढच्याच वर्षी, १३ ऑगस्टच्या पहाटे, पूर्व जर्मनीच्या सरकारने हद्दीवर काटेरी तारा ताणल्या, आणि मध्य ठरायची ती जागा एकदम टोकाची झाली. १५ ऑक्टोबर १९६३ रोजी कारायान यांच्या संचालनाखाली बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीने सभागृहाचे उद्घाटन झाले, तेव्हा भिंत तेथून काही शे मीटरवर उभी होती.

भिंतीपूर्वी पूर्व भागातले रसिक पश्चिमेकडे मैफलींना येत असत. ते एका रात्रीत बंद झाले. वादकांचीही ताटातूट झाली. पूर्वेकडच्या राजकीय संगीतिकागृहात, म्हणजे श्टाट्सओपरमध्ये, वाजवणारे कित्येक जण पश्चिमेकडे राहत होते; त्यांचे घर एकीकडे आणि नोकरी दुसरीकडे पडली. उरला तो फक्त रेडिओ. ध्वनिलहरींना पारपत्र लागत नाही. पूर्व बर्लिनमधले कितीतरी लोक पश्चिमेची केंद्रे लावून फिलहार्मोनिकचे वादन ऐकत. सभागृह तर डोळ्यांच्या टप्प्यात, आवाज रोज घरात, आणि पाऊल मात्र टाकता यायचे नाही! पश्चिम बर्लिनला वेढणारी ती भिंत सुमारे १५५ किलोमीटर लांब होती आणि तिच्यापायी किमान १४० माणसांनी जीव गमावला, असे नंतरच्या संशोधनातून निष्पन्न झाले.

तिसरा आहे तो माणूस. बारेनबॉइम यांचा जन्म १५ नोव्हेंबर १९४२ रोजी अर्जेंटिनात, बुएनोस आयरेस येथे, एका ज्यू कुटुंबात झाला. आई-वडील दोघेही पियानोचे शिक्षक. १९५२ मध्ये कुटुंब इस्राएलला गेले. १९५४ मध्ये साल्झबुर्ग येथे अकरा वर्षांच्या या मुलाचे वादन फुर्टव्हेंग्लर यांनी ऐकले, त्याची अपार स्तुती केली आणि बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर वाजवायला बोलावले. एखाद्या बापाने आनंदाने उडी मारली असती. डॅनिएलच्या वडिलांनी नम्रपणे नकार दिला. युद्ध संपून जेमतेम नऊ वर्षे झाली आहेत, ज्यू कुटुंबाने इतक्या लवकर जर्मनीत जाणे योग्य नव्हे, हे त्यांचे कारण. फुर्टव्हेंग्लर यांनी ते समजून घेतले आणि त्याच वर्षअखेरीस ते वारले. बारेनबॉइम या वाद्यवृंदाबरोबर प्रथम वाजले ते १९६४ मध्ये, आणि १९६९ पासून संचालक म्हणूनही येऊ लागले.

येथे आपल्या बाजूचा एक धागा सांगायला हवा. १९५६ मध्ये इटलीतील सिएना येथे संचालनाच्या वर्गात बारेनबॉइम यांची ज्याच्याशी दोस्ती जमली तो तरुण मुंबईचा होता, झुबिन मेहता. १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारणाऱ्या मेहली मेहतांचा हा मुलगा. भिंत उभी राहिली त्या १९६१ सालीच झुबिन मेहतांनी बर्लिन फिलहार्मोनिकचे संचालन पहिल्यांदा केले. या दोघांची मैत्री पुढे आयुष्यभर टिकली.

आता १९८९. हे वर्ष फिलहार्मोनिकला निर्नायकीचे होते. तीन दशकांहून अधिक काळ मुख्य संचालक असलेल्या कारायान यांनी एप्रिलमध्ये पद सोडले आणि १६ जुलैला ते निवर्तले. ऑक्टोबरमध्ये वादकांनी क्लाउडिओ आबाडो यांना निवडले, पण त्यांनी अजून सूत्रे हाती घेतली नव्हती. त्याच ऑक्टोबरच्या ९ तारखेला पूर्व जर्मनीतील लाइपझिग शहरात सुमारे सत्तर हजार लोक रस्त्यावर उतरले. गोळीबार होणार अशी भीती होती. तो टळला त्याला अनेक कारणे आहेत. शांततेचे आवाहन करणाऱ्या सहा जणांत तेथल्या गेवांटहाउस वाद्यवृंदाचे संचालक कुर्ट माझूर होते, हे त्यांपैकी एक.

९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते गुंटर शाबोव्स्की यांनी वार्ताहर परिषदेत प्रवासाचे नवे नियम वाचून दाखवले. ते केव्हापासून लागू होणार, असे कोणी विचारले. कागद चाळून त्यांनी सांगितले, आपल्या माहितीप्रमाणे ताबडतोब. ते नियम दुसऱ्या दिवशीपासून, रीतसर अर्ज घेऊन अमलात यायचे होते. पण बातमी सुटली ती सुटलीच. लोक नाक्यांवर लोटले आणि रात्री साडेअकराच्या सुमारास बोर्नहोल्मर रस्त्यावरच्या नाक्याने प्रथम दार सताड उघडले. तेव्हा मी बेळगावात महाविद्यालयात शिकत होतो. भिंतीवर चढून नाचणारी पोरे दूरदर्शनच्या बातम्यांत पाहिल्याचे आठवते. मैफलीची गोष्ट मला बऱ्याच वर्षांनी, वाचनातून समजली.

बारेनबॉइम त्या दिवसांत बर्लिनमध्येच होते. फिलहार्मोनिकबरोबर मोझार्टच्या 'कोसी फान तुत्ते' या संगीतिकेचे ध्वनिमुद्रण चालू होते. ते थांबवून पूर्वेकडच्या लोकांसाठी मैफल करायचे ठरले. म्हणजे भिंत उघडली गुरुवारी रात्री आणि वाद्यवृंद मंचावर बसला रविवारी सकाळी! मधल्या काळात निमंत्रणपत्रिका, सत्कार समिती, प्रास्ताविक, आभारप्रदर्शन यांपैकी काही होणे शक्यच नव्हते. आपल्याकडच्या कार्यक्रमांचा अनुभव असलेल्यांना याचे महत्त्व निराळे सांगायला नको.

त्याच सकाळी, सभागृहापासून काही शे मीटरवर, पोट्सडामर प्लाट्झच्या भिंतीतले तुकडे क्रेनने उचलून नवी वाट मोकळी केली गेली आणि दोन्ही बर्लिनच्या महापौरांनी तेथे हस्तांदोलन केले. जो चौक शहराचा मध्य व्हावा म्हणून शारूनचे सभागृह त्याच्याजवळ बांधले, तो चौक आणि ते सभागृह एकाच सकाळी एकदमच लोकांना खुले झाले.

मैफलीत दोनच मोठ्या रचना होत्या आणि दोन्ही बेथोव्हेनच्या. हा संगीतकार बॉनमध्ये जन्मलेला, म्हणजे त्या काळच्या पश्चिम जर्मनीच्या राजधानीतला. परंतु पूर्व जर्मनीनेही त्याला तितकेच आपले मानले होते. १९५६ ते १९६४ या काळात ऑलिंपिकमध्ये दोन्ही जर्मनींचा संयुक्त संघ उतरत असे, तेव्हा कोणाचे राष्ट्रगीत वाजवायचे हा पेच बेथोव्हेनच्या आनंदगीताच्या सुरांनी सोडवला होता. घराची वाटणी झाली तरी देवघरातला देव वाटता येत नाही, तशातला हा प्रकार.

पहिली रचना होती पियानो आणि वाद्यवृंदासाठीचा पहिला काँचेर्तो, तरुणपणचा, १८०१ मध्ये छापला गेलेला. अशा वेळी संचालकच पियानो वाजवणार असेल तर पियानोचे झाकण काढतात आणि वादक श्रोत्यांकडे पाठ करून, वादकांकडे तोंड करून बसतो. हात मोकळे असतील तेव्हा हाताने इशारा, नसतील तेव्हा मानेने, डोळ्यांनी. आरंभी बराच वेळ वाद्यवृंद एकटाच वाजतो, पियानो वाट पाहतो, आणि मग हळूच बोलू लागतो. मधल्या संथ भागात पियानो आणि क्लॅरिनेट यांचे हितगुज चालते. रणशिंगे फुंकणारी ही रचना नव्हे. ती प्रसन्न, मिस्कील आहे. विजयोत्सवाला साजेसे दणदणीत काही न निवडता पाहुण्यांपुढे हे ठेवले, यात मला यजमानांचा विवेक दिसतो.

दुसरी होती सातवी सिंफनी, आणि हिचा जन्म एका हिवाळी मैफलीतच झालेला. ८ डिसेंबर १८१३ रोजी व्हिएन्ना विद्यापीठाच्या सभागृहात ती प्रथम वाजली. हानाऊच्या लढाईत नेपोलियनच्या सैन्याशी लढताना जखमी झालेल्या सैनिकांच्या मदतीसाठी ती मैफल होती. संचालन स्वतः बेथोव्हेनने केले, आणि त्याचे कान तोवर बरेच निकामी झाले होते. श्रोत्यांनी तिचा दुसरा भाग पुन्हा वाजवायला लावला. त्या भागाची लय मराठी शिकवणाऱ्याला चटकन सापडते: एक गुरू, दोन लघू आणि मग दोन गुरू. म्हणजे एक भगण आणि पुढे दोन पावले. हीच ओळ सुरुवातीला अगदी दबक्या आवाजात येते, तिच्यावर एकेक थर चढत जातो आणि साधी चाल मोठ्या मिरवणुकीसारखी होते. शोक म्हणावा तर पाय थांबत नाहीत, उत्सव म्हणावा तर डोळे कोरडे राहत नाहीत. अठ्ठावीस वर्षांनी आलेल्या माणसांची अवस्था याहून वेगळी काय असणार?

या मैफलीचे ध्वनिमुद्रण पुढे प्रकाशित झाले. त्यानंतर नाताळात अमेरिकन संचालक लेनर्ड बर्नस्टाइन यांनी अनेक देशांचे वादक जमवून २३ डिसेंबरला पश्चिम बर्लिनमध्ये आणि २५ डिसेंबरला पूर्व बर्लिनमध्ये नववी सिंफनी सादर केली. गीतातल्या 'आनंद' या शब्दाच्या जागी त्यांनी 'स्वातंत्र्य' हा शब्द घातला. तो सोहळा दूरचित्रवाणीवरून देशोदेशी दिसला आणि जगाच्या लक्षात राहिला. पण मला विचाराल तर मोठेपणा त्या पहिल्या, घाईत ठरलेल्या मैफलीचा.

का, ते सांगतो. भिंत ओलांडून आलेल्या प्रत्येकाला पश्चिम जर्मनीचे सरकार शंभर मार्क स्वागतनिधी म्हणून देत असे. बँकांपुढे रांगा लागल्या होत्या. ते पैसे गरजेचे होते, देणाऱ्यांचा हेतूही चांगला होता. पण त्या रांगेत उभा राहणारा घेणारा ठरत होता आणि दुकानांच्या काचा त्याला त्याची गरिबी दाखवत होत्या. सभागृहात तो श्रोता होता. हे संगीत त्याला ठाऊक होते, शाळेत शिकलेले होते, रेडिओवर ऐकलेले होते. कोणी समजावून देण्याची गरज नव्हती. त्या खुर्चीवर त्याचा हक्क होता आणि ती त्याला उशिरा मिळत होती, इतकेच. माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर हे आहे. माणसाला काही मिळण्यापेक्षा आपण कोणाच्या तरी बरोबरीचे आहोत हे कळण्याची भूक मोठी असते. आणि ज्या ओळखपत्रामुळे अठ्ठावीस वर्षे दारे बंद राहिली, तेच ओळखपत्र त्या दिवशी प्रवेशपत्र झाले.

याचा अर्थ एका मैफलीने सगळे जुळले असे नव्हे. ३ ऑक्टोबर १९९० रोजी जर्मनी एक झाली, पण पूर्वेकडचे कारखाने बंद पडले, लाखोंच्या नोकऱ्या गेल्या, तेथले कित्येक वाद्यवृंदही बंद झाले किंवा एकमेकांत विलीन करण्यात आले. काँक्रीटची भिंत लवकर निघाली. पगारातली, प्रतिष्ठेतली भिंत बरीच टिकली. म्हणूनच बारेनबॉइम यांचे पुढचे पाऊल मला अधिक मोलाचे वाटते. १९९२ मध्ये त्यांनी पूर्व बर्लिनमधल्या श्टाट्सओपरची जबाबदारी घेतली. तेथल्या वाद्यवृंदाची परंपरा १५७० पर्यंत मागे जाते. एका सकाळी पाहुणा म्हणून आलेला हा माणूस तीस वर्षे तेथे राहिला आणि प्रकृतीच्या कारणाने जानेवारी २०२३ मध्ये त्याने ते पद सोडले. १९९९ मध्ये एडवर्ड सईद या पॅलेस्टिनी विचारवंताबरोबर त्यांनी इस्रायली आणि अरब तरुणांचा एक वाद्यवृंदही उभा केला. त्याने पश्चिम आशियात शांतता आली नाही. तसा दावाही त्यांनी केला नाही. शेजारी बसून वाजवायचे तर शेजाऱ्याचे ऐकावे लागते, एवढीच त्यांची भूमिका.

वाचकहो, 'सीमा' हा शब्द उच्चारला की आपल्या भागातल्या माणसाच्या मनात काय काय येते ते मी सांगायला नको. तरीही आपल्या सीमेची तुलना बर्लिनशी करणे हे इतिहासाला धरून होणार नाही. येथे काटेरी तार नाही. कोल्हापूरची आणि धारवाडची एस. टी. एकाच रस्त्याने जाते, लग्ने होतात, बाजार भरतात. आपला प्रश्न भाषेचा आणि न्यायाचा आहे, आणि तो त्याच्या जागी आहे. पण संगीताच्या बाबतीत आपल्याजवळ बर्लिनकरांना हेवा वाटावा असे काही आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व माळव्यात देवासला राहून गायले. धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांना तालीम मिळाली मिरजेच्या नीलकंठबुवांची आणि पुढची अल्लादिया खाँसाहेबांच्या पुत्रांची. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. यांपैकी कोणाचे गाणे कोणत्या राज्याचे, हे नकाशा पाहून सांगता येईल का?

भिंत उभी होती त्याहून अधिक वर्षे आता ती पडून झाली आहेत. पोट्सडामर प्लाट्झवर उंच इमारती आल्या आहेत आणि शारूनचे सभागृह खरोखरच शहराच्या मध्याजवळ आले आहे. ज्यांनी १९६० मध्ये तेथे पायाचा दगड ठेवला त्यांचा हिशेब चुकला नव्हता. फक्त उत्तर यायला एकोणतीस वर्षे लागली. शाळा बांधणाऱ्यांनी, वाचनालये चालवणाऱ्यांनी आणि दरवर्षी पदरमोड करून दिवाळी अंक काढणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी अशी आहे. लोक उद्या येतील या भरवशावर आज खुर्च्या मांडून ठेवायच्या असतात. त्या रविवारी बर्लिनमध्ये त्या मांडलेल्या होत्या.